करंडी, मडके, काच आणि खण : सापाच्या घराचा इतिहास

१/
२० ऑक्टोबर १८५२ ची सकाळ. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सर्पगृहाचा रखवालदार एडवर्ड गर्लिंग कामावर हजर झाला तो झिंगलेल्या अवस्थेत. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका मित्राला निरोप देण्यात त्याची रात्र गेली होती. मद्याच्या भरात त्याने पेटी उघडून नाग बाहेर काढला. नागाने त्याच्या नाकावर दंश केला. घोडागाडीतून त्याला रुग्णालयात नेण्यात आले, कृत्रिम श्वास देऊन पाहिला, विजेचाही प्रयोग झाला. पण थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला.

२/
या मृत्यूची चर्चा झाली ती प्रामुख्याने मद्यपानाचे परिणाम म्हणून. ती स्वाभाविकच होती. पण या घटनेत आणखी एक पात्र आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही : ती पेटी. सापाला कोंडणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे. पाणी बदलायचे, घाण काढायची, भक्ष्य द्यायचे, तर पेटी उघडावीच लागते. आणि ती उघडी असताना सापाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाच्या पेटीने सर्वस्वी रखवालदाराच्या शुद्धीवर सोपवला होता.

३/
सापाच्या घराचा इतिहास हा अशा सोडून दिलेल्या प्रश्नांचा इतिहास आहे. आज जगभरातील सर्पपालक प्लायवूडची फळकुटे आणि बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे डबे घेऊन घरच्या घरी जे 'टब रॅक' बनवतात, म्हणजे थेट कपाटासारखी एकावर एक खणांची मांडणी, त्या साध्या वस्तूत सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या चुका आणि दुरुस्त्या साठलेल्या आहेत. त्या ओळीने पाहण्यासारख्या आहेत.

४/
आरंभ अर्थात काचेपूर्वीचा. भारतातील गारुड्याची वेताची करंडी सर्वांच्या परिचयाची आहे. वरवर पाहता ती केवळ वाहून नेण्याची सोय. पण तिच्यात दोन गुण आहेत. वेताच्या विणीतून हवा खेळते, आणि आतल्या अंधारात साप वेटोळे घालून स्वस्थ पडून राहतो. झाकण उचलताच प्रकाश येतो, नाग फणा काढतो आणि खेळ सुरू होतो. म्हणजे करंडी ही घर कमी आणि रंगमंचाचा पडदा अधिक. तिच्यातल्या नागाचे आयुष्य मात्र फारसे नसे. दात काढलेले, तोंड शिवलेले, उपाशी नाग त्यात किती दिवस तगणार?

५/
सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याची रीत वेगळी होती. नागपंचमीच्या आधी पकडलेले नाग मातीच्या मडक्यांत ठेवायचे, सणाला त्यांची पूजा करायची, मग ते पुन्हा सोडून द्यायचे. न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांच्या या पूजेवर निर्बंध आले. त्या परंपरेच्या योग्यायोग्यतेचा वाद येथे बाजूला ठेवू. मडके मात्र लक्षात असू द्यावे, कारण ते या कथेत पुन्हा येणार आहे, आणि तेही थेट औषधनिर्मितीच्या दारातून.

६/
आता पुन्हा लंडन. १८४९ साली तेथे उघडलेले सर्पगृह हे जगातील पहिले सार्वजनिक सर्पगृह मानले जाते. त्याची रचना ज्या गरजेतून झाली ती एकच होती : प्रेक्षकाला साप दिसला पाहिजे. म्हणून दर्शनी बाजूस काच. साप स्वतःला लपवू पाहणारा प्राणी आहे. त्याला चोहोबाजूंनी दिसेल असे ठेवणे हे त्याच्या स्वभावाच्या नेमके उलट होते. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला रिकामी दिसणारी पेटी कोण दाखवणार?

७/
दुसरी अडचण उष्णतेची. साप शीतरक्ताचा, तो विषुववृत्ताकडचा, सबब त्याला ऊब हवी, एवढे सर्वांना ठाऊक होते. लंडनच्या हवेत ती कमी पडे म्हणून अजगर-बोआंना चक्क घोंगड्या दिल्या जात. १८५० च्या शरदात एका बोआने आपली घोंगडीच गिळली. महिनाभराने ती त्याने बाहेर टाकली तेव्हा कुठे सर्वांचा जीव भांड्यात पडला. हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो. त्यात अज्ञानही आहे. घोंगडी माणसाला ऊब देते, कारण माणसाचे शरीर उष्णता निर्माण करते आणि घोंगडी ती अडवून धरते. जो प्राणी स्वतः फारशी उष्णता निर्माणच करत नाही, त्याच्यावर घोंगडी घालून काय साधणार? माणसाने सापाला आपल्यासारखे समजून पांघरूण दिले, आणि सापाने ते भक्ष्य समजून गिळले.

८/
यानंतरचे वळण ब्राझीलमध्ये आले, आणि त्याचे कारण प्रदर्शन नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचे आल्बेर काल्मेत यांनी नागविषावर लस तयार केली होती. साओ पावलोतील डॉक्टर विताल ब्राझील यांच्या ध्यानात आले की नागविषावरची ही लस ब्राझीलच्या सापांच्या दंशावर निरुपयोगी आहे. प्रत्येक प्रदेशातील सापाच्या विषावर त्याच विषापासून बनलेली लस हवी. १९०१ साली बुतांतान संस्था अधिकृतपणे सुरू झाली ती या शोधाच्या पायावर.

९/
त्या क्षणी सापाची किंमत बदलली. पूर्वी तो एक प्रेक्षणीय वस्तू होता, आता तो औषधाचा कच्चा माल झाला. आणि कच्चा माल म्हटला की प्रमाण आले. एक-दोन नव्हे, हजारो साप हवेत. विताल ब्राझील यांनी शेतकऱ्यांशी सरळ देवघेव ठरवली : साप पाठवा, लस घ्या. पकडण्यासाठी टोकाला फास असलेली काठी आणि पाठवण्यासाठी लाकडी खोकी संस्थेकडून मिळत, आणि ही खोकी रेल्वे विनामूल्य वाहून आणी. ज्याच्या मळ्यात मजूर सर्पदंशाने मरत, त्यालाच सापाचा पुरवठादार करणारी ही व्यवस्था सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक चतुर योजना म्हणावी लागेल.

१०/
एवढे साप ठेवायचे कुठे? बुतांतानने काचेचा नाद सोडला. उघड्या आवारात भिंत, भिंतीच्या आत पाण्याचा खंदक, मध्ये गवताळ जमीन आणि तिच्यावर काँक्रीटचे ठेंगणे घुमट, वारुळासारखे दिसणारे, खाली शिरण्यासाठी भोके असलेले. झाकण नाहीच. साप सकाळी उन्हात येतो, दुपारी घुमटात शिरतो, तहान लागली तर खंदकाकडे जातो. येथे सापाला प्रथमच हालचालीची निवड मिळाली, आणि ती कुणी मुद्दाम दिली असे म्हणता येणार नाही. उघड्या जागेचा तो आनुषंगिक लाभ होता. शिवाय साओ पावलोच्या हवेत जे शक्य होते ते लंडनला नव्हते.

११/
लंडनने आपले उत्तर शोधले ते १९२७ साली, आणि ते शोधले जोन प्रॉक्टर यांनी. १९२३ पासून त्या तेथे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभिरक्षक होत्या. त्या पदावर येणारी ती पहिली स्त्री. लहानपणापासून आजारी, विद्यापीठातील शिक्षण प्रकृतीमुळे हुकलेले. तरीही नव्या सर्पगृहाची कल्पना आणि रचना मुख्यतः त्यांची. त्यांनी दोन गोष्टी केल्या. काचेच्या जागी अतिनील किरण आत येऊ देणारी विशेष काच वापरली. आणि सबंध दालन एकसारखे तापवण्याऐवजी प्रत्येक पिंजऱ्यात विजेने ठरावीक जागाच उष्ण केली. म्हणजे एका कोपऱ्यात ऊब, दुसऱ्या कोपऱ्यात गारवा.

१२/
हे वाक्य वाचायला साधे आहे, पण सापाच्या घराच्या इतिहासातील सर्वांत मोठी झेप तीच. घोंगडीच्या काळचा प्रश्न होता, 'सापाला किती ऊब द्यावी?' प्रॉक्टर यांच्या पिंजऱ्याने तो प्रश्नच बदलला. ऊब किती घ्यायची हे सापाने ठरवावे. बांधणाऱ्याने फक्त दोन टोके उपलब्ध करून द्यावीत. प्रॉक्टर १९३१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी वारल्या.

१३/
विशेष हे की विज्ञानाने या गोष्टीला भरभक्कम पुरावा दिला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १९४४ साली रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सरडे आणि साप यांच्या शरीरतापमानाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की हे प्राणी हवेच्या तापमानाचे निमूट गुलाम नसतात. ऊन आणि सावली यांत ये-जा करून ते आपले तापमान बऱ्याच नेमकेपणाने राखतात. 'शीतरक्त' हा शब्द त्या दिवसापासून अपुरा ठरला, जरी शाळेच्या पुस्तकांतून तो आजही निघालेला नाही. अन्न पचवणे, रोगाशी झुंजणे, गर्भ वाढवणे, सापाची ही सगळी कामे या ये-जा करण्यावर अवलंबून असतात. ज्या पेटीत ये-जा करायला दोन वेगळी तापमानेच नाहीत, तिच्यात साप जिवंत राहील, पण नीट जगणार नाही.

१४/
भारतात याच काळात लसनिर्मितीचे केंद्र म्हणून मुंबईतील परळची हाफकिन संस्था पुढे आली. जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वास्तूत, जेथे एकेकाळी प्लेगच्या लशीचे काम चालले, तेथेच सर्पालय उभे राहिले. डॉ. पी. जे. देवरस यांनी तेथील सापांपासून मिळणाऱ्या विषाच्या नोंदी ठेवून १९६३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पुढे नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढलेले त्यांचे भारतीय सापांवरील पुस्तक अनेक पिढ्यांच्या हाती पडले. बंदिवासातील साप किती विष देतो, हा प्रश्न दिसतो कोरडा. पण त्यात त्या घराची परीक्षाच असते. घर वाईट, तर साप खाणार नाही. खाल्ले नाही, तर विष कसले?

१५/
आणि आता ते मडके. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आला, त्यानंतर सापाच्या कातडीची निर्यात बंद झाली आणि तमिळनाडूतील इरुळा समाजाची उपजीविकाच खुंटली. कातडीच्या व्यापाऱ्यांसाठी साप पकडणे हेच त्यांचे काम होते. हे कौशल्य वाया जाऊ नये म्हणून १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था स्थापन झाली. चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे तिचे केंद्र आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप जिवंत पकडायचे, त्यांचे विष काढायचे आणि त्यांना पुन्हा रानात सोडायचे, असे तिचे काम. विष जाते लस बनवणाऱ्यांकडे.

१६/
या केंद्रात साप काचेत नाहीत, काँक्रीटच्या घुमटातही नाहीत. ते आहेत मातीच्या मडक्यांत. मडके अर्धेअधिक वाळूने भरलेले, तोंडाला सुती फडके दोरीने घट्ट बांधलेले, आणि अशी मडकी छपराखाली ओळीने मांडलेली. पाश्चात्त्य प्रयोगशाळेच्या नजरेला हे मागासलेपण वाटेल. पण विचार करून पाहावा. मातीचे छिद्रमय भांडे ओलावा झिरपू देते आणि तो उडताना भांडे गार राहते; चेन्नईच्या उन्हाळ्यात याहून स्वस्त वातानुकूलन नाही. फडक्यातून हवा जाते. आत अंधार असतो, म्हणून साप बिथरत नाही. फुटले तर नवे मडके गावचा कुंभार देतो. शिवाय साप येथे कायम राहणार नाही : तीन-चार आठवड्यांत चार वेळा विष काढायचे, पोटाचे खवले किंचित कापून खूण करायची, म्हणजे तोच साप पुन्हा पकडला गेल्यास ओळखता येईल, आणि सोडून द्यायचे. मडके हे घर नव्हे, ती धर्मशाळा आहे. तेवढ्या मुदतीसाठी ते पुरेसे आहे.

१७/
जाता जाता एक उलटे चित्र. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांसह ७२ तास एका काचेच्या खोलीत काढले. काचेच्या आत माणूस आणि बाहेर प्रेक्षक. साप विनाकारण चावत नाही हे पटवण्याचा तो मार्ग होता. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले.

१८/
टब रॅकचा जन्म मात्र ना देवळातला, ना प्रयोगशाळेतला. तो अमेरिकेतील खासगी सर्पपालकांच्या मागच्या खोलीतला. साधारण १९८० च्या दशकापासून घरगुती प्रजोत्पादन वाढले. कॉर्न स्नेक आणि पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन हे त्यातले मुख्य साप. १९९२ साली बॉब क्लार्क या संवर्धकाने रंगद्रव्यहीन बॉल पायथनची पैदास यशस्वी केली, आणि दुर्मीळ रंगांच्या पिलांना मोठी किंमत येऊ लागली. एका मादीची सात-आठ पिले, अशा पन्नास माद्या. प्रत्येकाला काचेची पेटी द्यायची तर घर विकावे लागेल. उत्तर मिळाले ते घरगुती वस्तूंच्या दुकानात : बूट आणि स्वेटर ठेवण्याचे प्लॅस्टिकचे डबे.

१९/
या रचनेतील खरी युक्ती झाकण काढून टाकण्यात आहे. डबा खणासारखा फळीवर सरकतो आणि वरची फळी हेच त्याचे झाकण होते. म्हणजे साफसफाईसाठी खण थोडा ओढला की पुरते. पालकाला सापाच्या डोक्यावर वाकावे लागत नाही, आणि किती उघडायचे हे त्याच्या हाती राहते. गर्लिंगच्या पेटीने जो प्रश्न सोडून दिला होता, त्याचे हे बरेचसे उत्तर आहे. अर्थात बिनविषारी सापांपुरते. विषारी सापांसाठी अशा खणाचा मोह धरणे म्हणजे १८५२ ला पुन्हा आमंत्रण.

२०/
पण झाकण गेले की सगळी भिस्त फटीवर येते. डब्याची कड आणि वरची फळी यांत जेथून सापाचे डोके जाईल, तेथून अख्खा साप जातो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या कॉर्न स्नेकला त्यासाठी पेन्सिलीएवढी जागाही भरपूर. म्हणून माप नेहमी डब्याच्या तळाचे नव्हे तर वरच्या कडेचे घ्यावे लागते, कारण प्लॅस्टिकचे डबे तळाशी निमुळते असतात. आणि फळी सरळ हवी, सरळच राहिली पाहिजे. आतल्या दमटपणाने साधे लाकूड बाक घेते. आज बसलेली फट सहा महिन्यांनी मधोमध उघडते. घरी बनवलेल्या अनेक रॅकमधून साप पळाले ते मापाच्या चुकीने नव्हे, तर बाकलेल्या फळीने. म्हणून प्लास्टिकचा थर चढवलेले बोर्ड, जवळजवळ दिलेले आधार, आणि मागे खण आत ढकलला तरी उलटून जाऊ नये अशी पट्टी.

२१/
मागच्या बाजूला फळीत उथळ खाच, आणि तिच्यात उष्णता देणारी पातळ विद्युत पट्टी. डब्याचा मागचा भाग तापतो, पुढचा खोलीच्या तापमानाला राहतो. बॉल पायथनसाठी मागे सुमारे ३१-३२ अंश सेल्सिअस, पुढे पंचविशीच्या आसपास. प्रॉक्टर यांनी लंडनमध्ये मोठ्या खर्चाने जे साधले, तेच येथे काही रुपयांच्या पट्टीने साधते. पण एका अटीवर : थर्मोस्टॅट. त्याचा संवेदक पट्टीला भिडलेला हवा, डब्याच्या आत नव्हे, कारण आतला संवेदक सापाने हलवला किंवा पाणी सांडून भिजवला की यंत्राला वाटते गारवा आहे आणि पट्टी तापतच जाते. नियंत्रण नसलेल्या पट्टीने पोट भाजलेले साप पशुवैद्यांकडे येत आले आहेत. सुक्या लाकडाला लागून तापणारी पट्टी ही सबंध घराच्या जिवावर उठू शकते. हवेसाठी डब्याच्या दोन बाजूंना छिद्रे, आतून बाहेर पाडलेली, म्हणजे धारदार कड सापाच्या बाजूला राहणार नाही. असे बारकावे पुस्तकांनी नव्हे, पालकांनी एकमेकांना शिकवले.

२२/
येथपर्यंत ही यशोगाथा वाटते. ती तशी पूर्ण नाही. रॅकचे समर्थक सांगतात की बॉल पायथन निसर्गात उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. अरुंद अंधारा खण त्याला घरासारखाच. यात तथ्य आहे, पण अर्धे. १९९८ साली दक्षिण नायजेरियातील अभ्यासात आढळले की या जातीचे नर झाडांवरही वावरतात आणि पक्षी खातात. बीळ ही त्याची झोपायची जागा आहे. तेवढ्यावरून ते त्याचे संपूर्ण जग ठरत नाही. माणूस आठ तास अंथरुणात असतो म्हणून त्याला अंथरुणाएवढी खोली पुरते असे कुणी म्हणत नाही.

२३/
२०२१ मध्ये इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी कॉर्न स्नेकवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. साधे बंदिस्त घर आणि लपण्या-चढण्याच्या सोयींनी समृद्ध घर यांतली निवड सापांवरच सोपवली. सापांनी समृद्ध बाजू पसंत केली. प्रॉक्टर यांनी तापमानाबाबत जे मानले, तेच येथे जागेबाबत पुढे आले : निवड सापाची असावी. खण सरळ होईल एवढाही लांब नसेल तर साप अंग पूर्ण ताणूच शकत नाही, हा आक्षेप आता पशुवैद्यकीय लिखाणात वारंवार येतो. रॅकचे उत्पादकही उंच आणि लांब खण विकू लागले आहेत. कित्येक पालक रॅक केवळ पिले आणि विलगीकरण यांपुरता ठेवून मोठ्या सापांना फांदी, पाणी आणि लपणीसह मोठे घर देतात.

२४/
भारतातील वाचकासाठी एक कायदेशीर मर्यादा स्पष्ट असावी. धामण असो, अजगर असो वा नाग, देशी साप घरात पाळणे १९७२ च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे. खण कितीही उत्तम बनवला तरी. परदेशी जातींपैकी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात नोंदलेल्या जाती, ज्यांत बॉल पायथनही येतो, बाळगायच्या तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार शासनाकडे नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळ्याची नोंद.

२५/
जोन प्रॉक्टर यांचे सर्पगृह जवळजवळ शतकभर वापरात राहिले. २०२४ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांसाठी नवे दालन उघडले. वडनेम्मेलीत मात्र मडकी आजही तशीच आहेत : अर्धी वाळू, वर सुती फडके आणि आत अंधारात वेटोळे घातलेला, काही दिवसांनी रानात परत जाणार असलेला साप.